पुरस्कार आणि मौन

१९८६ साली बँकेने माझी बदली वसईहून वर्ध्याला केली, तेव्हा आमच्या घरी जवळजवळ सुतकी कळा पसरली. खारी हवा, वाडीतील केळीचे लोंगर आणि रविवारची मिस्सा यांच्या सोबतीने आयुष्य काढलेल्या माझ्या आईला वर्धा म्हणजे पृथ्वीचे दुसरे टोक वाटत होते. पेटी बांधताना तिने एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला, "तिथं आपली माणसं आहेत का रे, बाबा?" मी "असतील," असे मोघम उत्तर दिले. आपली माणसे म्हणजे नेमकी कोण, हे तिलाही सांगावेसे वाटले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही.

वर्ध्यात मला राहायला जागा मिळाली ती एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. सारे त्यांना गुरुजी म्हणत. अंगात खादीचा सदरा, पायांत झिजलेल्या वहाणा, आणि घरात पुस्तकांखेरीज नजरेत भरावे असे काही नाही. त्यांनी तरुणपणी भूदानाच्या पदयात्रेत काही महिने काढले होते. रविवारी मी प्रार्थनेहून परतलो, की ते सायकल बाहेर काढीत आणि म्हणत, "चला साहेब, तुमची प्रार्थना झाली, आता आमच्या देवळात चला." त्यांचे देऊळ म्हणजे पवनारचा आश्रम. धाम नदीच्या काठचा तो उंचवटा, पात्रातले काळे खडक, आणि जमीन खोदताना सापडलेली भरत-रामभेटीची शिल्पमूर्ती मी प्रथम त्यांच्याबरोबर पाहिली. विनोबा जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

अशाच एका रविवारी, नदीच्या पायऱ्यांवर बसलो असता, मी गुरुजींना वर्तमानपत्रातील एक बातमी सांगितली. फिलिपाइन्समधील रेडिओ व्हेरितास या कॅथॉलिक नभोवाणी केंद्राला त्या वर्षीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. त्या केंद्राचे नाव आम्हा कॅथॉलिकांच्या कानांवर आधीच आलेले होते. १९८६च्या फेब्रुवारीत मार्कोस यांच्याविरुद्ध सैन्यातील काही अधिकारी उठले. त्यांच्याभोवती निःशस्त्र नागरिकांनी उभे राहावे, असे आवाहन कार्डिनल सिन यांनी याच केंद्रावरून केले. लाखो माणसे जपमाळा आणि फुले घेऊन मनिलाच्या हमरस्त्यावर रणगाड्यांपुढे उभी राहिली. केंद्राचे प्रक्षेपणयंत्र सैनिकांनी मोडून टाकले, तरी आवाज बंद पडला नाही. निवेदिका दुसऱ्या ठिकाणाहून बोलत राहिली. हे सारे मी काहीशा अभिमानाने सांगितले. आमच्या धर्मबांधवांनी लोकशाही राखली, असा सूर माझ्या बोलण्यात नक्कीच असला पाहिजे.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि समोरच्या आश्रमाकडे बोट दाखविले. "तो पुरस्कार प्रथम दिला गेला, तेव्हा त्यातला एक इथे आला होता, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते.

रामोन मॅगसेसे हे फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावरील विमान-अपघातात मरण पावले. बस कंपनीत यंत्रदुरुस्तीचे काम केलेला, पुढे जपान्यांविरुद्ध गनिमी लढा दिलेला हा मनुष्य राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही सामान्यांना सहज भेटतो, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी मनिलात एक धर्मादाय प्रतिष्ठान उभे राहिले. अमेरिकेतील रॉकफेलर बंधूंच्या निधीने त्यासाठी पैसा दिला. निष्कलंक कारभार, लोकांची निर्भय सेवा आणि लोकशाही समाजात राहून जपलेला व्यवहारी आदर्शवाद, हे गुण आशिया खंडात जेथे दिसतील तेथे त्यांचा सन्मान करावा, हा त्याचा हेतू. पुरस्कार ३१ ऑगस्टला, म्हणजे मॅगसेसे यांच्या जन्मदिनी द्यावयाचे ठरले. १९५८च्या त्या पहिल्या मानकऱ्यांत लोकनेतृत्वासाठी निवडले गेले ते आचार्य विनोबा भावे.

विनोबा त्या काळात अखंड पदयात्रेत होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने भर सभेत शंभर एकर देऊ केली. त्या दिवसापासून भूदानाचे ते चालणे सुरू झाले होते. अमेरिकन धनिकांच्या निधीतून, एका कॅथॉलिक राष्ट्राच्या राजधानीतून निघालेला सन्मान वर्ध्याच्या या अपरिग्रही ब्राह्मण संन्याशापर्यंत पोचावा, याचे मला फार नवल वाटले. गुरुजींना त्याचे काही वाटत नव्हते. ते म्हणाले, "पुरस्कारानं बाबांचं काय वाढलं? काही नाही. पण ज्यांनी दिला त्यांची दृष्टी किती लांबवर गेली, ते मात्र कळलं."

हे वाक्य तेव्हा मला नुसते चतुर वाटले होते. त्याचा अर्थ उमगायला मला पुढे किंमत द्यावी लागली.

विनोबांच्या सहिष्णुतेविषयी गुरुजी बोलू लागले, की देवळांची गोष्ट निघे. वर्ध्याला त्या गोष्टीचा आरंभ जुना आहे. १९२८ साली जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुले केले, तेव्हा विनोबा वर्ध्यातच होते. पुढे १९५३ साली बिहारमधील वैद्यनाथधामच्या मंदिरात हरिजनांना घेऊन गेले असता विनोबांना आणि त्यांच्या सोबत्यांना पंड्यांचा मार खावा लागला. १९५५ साली जगन्नाथपुरीच्या दारातून ते परत फिरले, कारण सोबतच्या एका फ्रेंच भगिनीला आत प्रवेश नव्हता. केरळात गुरुवायूरच्या मंदिराबाहेरही तेच घडले. तेथे बरोबर काही ख्रिस्ती कार्यकर्ते होते. त्यांना आत सोडत नाहीत म्हटल्यावर विनोबांनी दर्शन घेतले नाही.

आणि मग आले १९५८ सालचे पंढरपूर. जे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले होते, त्याच विठ्ठलाच्या दारात विनोबा आले. मंदिराच्या कारभाऱ्यांनी त्यांना सर्व सहकाऱ्यांसह येण्याचे निमंत्रण दिले होते. सोबत मुसलमान आणि ख्रिस्ती भगिनी होत्या. या वेळी कोणी अडविले नाही. विनोबांचे डोळे पाण्याने भरून आले, असे म्हणतात. मे महिन्यातील ही घटना, आणि तीनच महिन्यांनी मनिलात ३१ ऑगस्टचा सोहळा. मनिलाच्या प्रतिष्ठानाने विनोबांना गौरविले ते जमिनीच्या कामासाठी, हे खरे. परंतु माझ्या मनात ते वर्ष आजही पंढरपूरच्या उघड्या दाराचे म्हणूनच राहिले आहे. गुरुवायूरच्या बंद दाराबाहेर जे उभे राहिले ते माझ्याच धर्माचे लोक होते, आणि त्यांच्यासाठी आपले दर्शन सोडणारा मनुष्य माझ्या धर्माचा नव्हता. आईने विचारलेल्या 'आपल्या माणसां'च्या यादीत त्याला कोठे बसवावे, हे मला कळेना.

येथवर ही गोष्ट निर्मळ आहे. गुरुजींनी ती येथेच थांबविली असती, तर मीही हा लेख येथेच संपविला असता. पण ते थांबले नाहीत.

एका संध्याकाळी दिवे गेले होते. आम्ही अंगणात बाजेवर बसलो होतो. विषय निघाला जयप्रकाशांचा. विनोबांच्या कार्याला १९५४ साली गयेला जीवनदान करणारे जयप्रकाश नारायण हेही पुढे १९६५ साली लोकसेवेसाठी मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी झाले. एकाच प्रतिष्ठानाने, लोकशाहीच्या एकाच आदर्शासाठी गुरू आणि अनुयायी या दोघांना गौरविले. आणि तेच दोघे १९७४-७५ साली दोन तीरांवर उभे राहिले. बिहारचे आंदोलन करावे की न करावे, यावरून सर्व सेवा संघात दुफळी पडली. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ रोजी, नाताळच्या दिवशी, एक वर्षाचे मौन घेतले. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. २६ जून १९७५च्या पहाटे दिल्लीत जयप्रकाशांना अटक झाली. पवनारहून देशाला मिळाले ते 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द. सरकारने त्यांचा आपल्याला हवा तसा वापर केला.

"त्या शब्दांचा अर्थ बाबांनी नंतर उलगडून सांगितला," गुरुजी म्हणाले. "शासन राजाचं असतं, अनुशासन आचार्याचं. जानेवारी शहात्तरला इथं आचार्यांचं संमेलन भरलं आणि त्यांनी देश पुन्हा पूर्वपदावर यावा, असंच सांगितलं. त्याच वर्षी बाबांच्या उपोषणाची बातमी देणारे 'मैत्री'चे अंक पोलिसांनी आश्रमातून जप्त केले. हे सगळं खरं आहे. मी ते लोकांना शेकडो वेळा समजावून सांगितलंय. पण खरं सांगू का? माझा सख्खा भाऊ त्या वेळी नागपूरच्या तुरुंगात होता. तो जयप्रकाशांच्या बाजूचा. मी इथं मौनाचा अर्थ लावीत बसलो. त्याला एक पत्रदेखील लिहिलं नाही. भीती होती असं नाही. मी स्वतःला सांगत होतो, की माझं ते मौन आहे."

मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ते म्हणाले, "बाबांचं मौन व्रताचं होतं. माझं सोयीचं होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात."

त्या काळाकडे आज मागे वळून पाहताना एक गोष्ट मला विलक्षण वाटते. १९७५च्या ऑगस्टमध्ये भारतात आणीबाणी होती आणि फिलिपाइन्समध्ये १९७२पासून लष्करी कायदा होता. दोन्ही देशांत वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातलेले होते. त्याच वर्षी मनिलाच्या त्या प्रतिष्ठानाने पत्रकारितेचा पुरस्कार दिला बी. जी. वर्गीस या भारतीय संपादकांना. स्पष्ट लिहिण्यापायी संपादकपद गमवावे लागलेला हा मनुष्य. त्याआधीही असे घडले होते. विनोबांबरोबर १९५८ साली गौरविल्या गेलेल्यांत मोख्तार लुबिस हे इंडोनेशियाचे संपादक होते, आणि सुकार्नोंच्या सरकारने त्यांना तेव्हा स्थानबद्ध करून ठेवलेले होते. ज्याला बोलू दिले जात नाही त्याचे नाव दुसऱ्या कोणी मोठ्याने उच्चारावे, एवढेच असा पुरस्कार करू शकतो. पण कधी कधी तेवढेच पुष्कळ असते.

याला दुसरी बाजू नाही, असे मात्र नव्हे. शीतयुद्धाच्या दिवसांत अमेरिकेच्या पैशावर उभ्या असलेल्या प्रतिष्ठानाने 'स्वतंत्र आशिया'चे गुण गावेत, यावर अनेकांनी संशय घेतला, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. शिवाय सन्मानित माणसेही अखेर माणसेच असतात. याच लुबिस यांनी १९९५ साली आपला पुरस्कार परत केला. कारण त्या वर्षी तो त्यांचेच देशबांधव प्रमुद्या अनंत तूर यांना जाहीर झाला होता. प्रमुद्या यांनी सुहार्तोंच्या राजवटीत चौदा वर्षे बंदिवास भोगला, त्यांतील बराच काळ बुरू बेटावर. लुबिस यांचा आक्षेप असा, की त्याआधी सुकार्नोंच्या काळात याच लेखकाने विरोधी मतांच्या लेखकांना छळले होते. दोघेही तुरुंग भोगलेले, आणि एकाला दुसऱ्याचा सन्मान सोसवेना. सहिष्णुतेची कसोटी शत्रूच्या दारात लागते असे आपण म्हणतो. मला वाटते, ती खरी लागते ती आपल्यासारखेच दुःख भोगलेल्या, पण आपल्याशी वैर असलेल्या माणसाच्या दारात.

वर्ध्याचे बाबा आमटे (त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील हिंगणघाटचा) हे १९८५ साली मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी झाले. त्याआधी १९७९ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळालेला होता. जमनालालजींच्या नावाचे हे प्रतिष्ठान १९७७ साली स्थापन झाले. रचनात्मक कार्यासाठी ते दर वर्षी पुरस्कार देते आणि १९८८पासून गांधीविचाराचा भारताबाहेर प्रसार करणाऱ्यांनाही त्याने गौरविले आहे. बाबांच्या घरी अनेक सन्मान चालत आले. तरीही नर्मदेच्या प्रश्नावर १९९१ साली त्यांनी सरकारने दिलेले पद्म किताब परत पाठविले. सन्मान घेणे हे जसे एक बोलणे आहे, तसे तो परत करणे हेही बोलणेच आहे. गुरुजी ती बातमी वाचून म्हणाले होते, "बघा, काही माणसांना मौन जमतच नाही, हे देशाचं भाग्य."

आता मला माझ्या मौनाविषयी सांगितले पाहिजे. इतकी वर्षे ते सांगितले नाही.

वर्ध्याहून माझी बदली विदर्भातीलच एका तालुक्याच्या गावी झाली. गावाचे नाव येथे देत नाही. तेथे व्यापाऱ्यांनी चालविलेला एक धर्मादाय न्यास होता. सामाजिक सलोख्यासाठी तो दर वर्षी एक छोटा पुरस्कार देई. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि काही रुपये. बँकेचा शाखाधिकारी निवड समितीवर असावा, असा रिवाज होता. त्यामुळे मीही होतो. मॅगसेसे आणि बजाज यांच्या तुलनेत ही फारच लहान गोष्ट. परंतु गावाच्या मानाने ती लहान नव्हती.

१९९२च्या डिसेंबरात अयोध्येची बातमी आली आणि त्या गावातही दोन रात्री दगडफेक झाली. एका वस्तीत मुसलमानांची चार-पाच घरे होती. त्यांपैकी एका कुटुंबाला, म्हातारी धरून सहा माणसांना, शेजारच्या एका विधवा बाईने आपल्या पिठाच्या गिरणीत दोन रात्री दडवून ठेवले. बाहेर जमाव आला तेव्हा तिने गिरणी सुरू केली, आत रडणाऱ्या लहान मुलाचा आवाज त्या घरघरीत बुडून जावा म्हणून. रात्री अकरा वाजता गिरणी कशाला चालू केली, असे कोणी विचारले, तर म्हणाली, उद्या लग्नघरचे दळण द्यायचे आहे. घरात पोते ज्वारीचे होते, तेवढे तिने सारे दळून टाकले.

पुढच्या मार्चमध्ये निवड समितीची बैठक झाली. तिचे नाव एका शिक्षकाने सुचविले. सारे क्षणभर स्तब्ध झाले. तिच्याहून योग्य नाव त्या वर्षी गावात नव्हते, हे प्रत्येकाला समजले होते. मग अध्यक्ष सौम्य आवाजात म्हणाले, "बाईंचं काम मोठंच आहे. पण वातावरण अजून तापलेलं आहे. यंदा हे नाव दिलं तर जखमेवरची खपली निघेल. बाईंनाच त्रास होईल. दोन वर्षांनी बघू." कोणी म्हणाले, त्याऐवजी गावातल्या भजनी मंडळाला द्यावा, सर्व जातींचे लोक तेथे येतात. शिक्षकाने माझ्याकडे पाहिले. मी ख्रिस्ती, दोन्ही बाजूंना परका आणि म्हणून दोन्ही बाजूंनी विश्वासाचा. मी एक वाक्य बोललो असतो, तर कदाचित पारडे फिरले असते.

मी बोललो नाही. अल्पसंख्याक माणसाने अशा वेळी पुढे होऊ नये, असे मी मनाशी म्हणालो. बँकेचे संबंध आहेत, असेही म्हणालो. अध्यक्षांचा युक्तिवाद अगदीच चूक नाही, बाईंना खरेच त्रास होईल, असेही म्हणालो. यांतले प्रत्येक कारण उभे राहू शकत होते. म्हणूनच ती सारी मला हवी होती. इतिवृत्तावर मी सही केली. ती करताना पिलाताने पाणी मागविले होते, ते आठवले नाही. ते पुढे उपवासकाळातील एका प्रार्थनेत आठवले आणि मग पुष्कळ वर्षे आठवतच राहिले.

काही दिवसांनी मी दळण घेऊन मुद्दाम त्या गिरणीवर गेलो. बाई पन्नाशीच्या, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. काय बोलावे कळेना. शेवटी एवढेच विचारले, "त्या रात्री तुम्हांला भीती वाटली नाही?"

"भेव तं वाटलंच, साहेब," ती जात्याचा कप्पा झाडीत म्हणाली. "पण रात्री कोणी दार वाजवलं, तं माणूस आधी कडी काढते, मंग इचारते कोण हाये म्हणून."

तिचे नाव पुरस्कारासाठी आले होते आणि गळून पडले, हे तिला माहीत नव्हते. मी तिला ते सांगितले नाही. हे माझे दुसरे मौन.

तिच्या त्या वाक्याचा मी किती वर्षे विचार केला आहे! आपण सारे उलट करतो. आधी विचारतो, कोण आहे; आणि उत्तर मनाजोगे आले, तर कडी काढतो. शास्त्र्याने प्रभूला विचारले होते, की माझा शेजारी कोण? त्यावर प्रभूने व्याख्या दिली नाही, वाटेवर थांबलेल्या एका परक्या माणसाची गोष्ट सांगितली. विनोबांनी पुरीच्या आणि गुरुवायूरच्या दारांशी तेच सांगितले, की सर्वांना नसेल तर मलाही नको. आणि गिरणीवाल्या बाईने, देवळाच्या पायरीवर किंवा पवित्र ग्रंथाच्या पानावर नव्हे, तर पिठाच्या धुरळ्यात तेच केले. माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मला मिळाले. आपली माणसे शोधावयाची नसतात. दार उघडले म्हणजे ती आपली होतात.

मग पुरस्कारांचे काय? त्यांचा काही उपयोग आहे की नाही? निवृत्तीनंतर वसईत परतलो, तेव्हा मी बराच काळ असे मानीत असे, की हे सारे व्यर्थ आहे. खऱ्या माणसांना त्यांची गरज नसते आणि ज्यांना गरज असते ती माणसे खरी नसतात. गिरणीवाल्या बाईला शाल-श्रीफळ मिळाले नाही म्हणून तिचे काय बिघडले? आज मला हा विचार अपुरा वाटतो. तिचे काही बिघडले नाही. बिघडले ते गावाचे. त्या वर्षी गावाने आपल्यातील सर्वांत चांगली गोष्ट पाहिली आणि तिच्याकडून तोंड फिरविले. भर सभेत तिचे नाव घेतले गेले असते, तर त्या रात्री दगड घेऊन आलेल्यांपैकी एखाद्याची मान खाली गेली असती. ज्यांनी दार उघडले नाही, पण उघडावेसे वाटले होते, अशा दहा जणांना पुढच्या वेळेसाठी बळ आले असते. पुरस्कार मानकऱ्यासाठी नसतोच. तो पाहणाऱ्यांसाठी असतो. गुरुजी म्हणाले होते ते हेच. देणाऱ्यांची दृष्टी किती लांब गेली, ते पुरस्काराने कळते. आमची दृष्टी समितीच्या टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि तेथेच थांबली.

म्हणूनच मनिलाच्या त्या प्रतिष्ठानाच्या दीर्घ यादीकडे पाहताना मी आता नावे पाहतो, तशी वर्षेही पाहतो. १९६२च्या यादीत मदर तेरेसा आहेत, १९७९च्या यादीत जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे आपले ख्रिस्ती दांपत्य आहे. त्यांच्याविषयी आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. परंतु माझे बोट थांबते ते १९५८मधील स्थानबद्ध संपादकापाशी, १९७५मधील पदच्युत संपादकापाशी आणि १९८६मधील मोडलेल्या प्रक्षेपणयंत्रापाशी. रेडिओ व्हेरितासला पुरस्कार मिळाला तो मार्कोस पळून गेल्यानंतर, हे मी विसरत नाही. विजय झाल्यावर टाळ्या वाजविणे सोपे असते. लुबिस आणि वर्गीस यांना तो मिळाला ते दिवस सोपे नव्हते. लोकशाही आणि सहिष्णुता यांच्या नावाने सन्मान देणाऱ्या संस्थेची खरी किंमत तिच्या निधीवर ठरत नाही, मानपत्राच्या भाषेवरही नाही. वातावरण तापलेले असताना तिने कोणाचे नाव घेतले, यावर ती ठरते. वातावरण निवल्यावर तर सारेच सलोख्याच्या बाजूचे असतात.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी वर्ध्याला गेलो होतो. उशाशी एक जुनी पत्रपेटी होती. तुरुंगातून सुटल्यावर भावाने त्यांना लिहिलेली पत्रे तीत होती. "त्यानं मला कधीच विचारलं नाही, पत्र का लिहिलं नाहीस म्हणून," ते म्हणाले. "विचारलं असतं तर बरं झालं असतं." मी त्यांना त्या दिवशी गिरणीची हकीकत सांगितली. सांगितलेला तो पहिला माणूस. त्यांनी माझा हात धरला, आणि काही वेळाने म्हणाले, "आता कुठंतरी लिहा."

ते लिहायलाही मला इतकी वर्षे लागली. तो न्यास पुढे पुरस्कार देईनासा झाला. 'दोन वर्षांनी बघू' असे जे म्हटले होते, ते दोन वर्षांनी कोणी पाहिले नाही. मीही आठवण दिली नाही, कारण तोवर माझी पुन्हा बदली झाली होती. गिरणीवाली बाई वारल्याचे मला फार उशिरा कळले. गिरणी तिचा मुलगा चालवितो, असे ऐकतो.

येथे तिचे नाव द्यावे, असे लेख लिहिताना अनेकदा मनात आले. मग वाटले, ज्या खोलीत ते नाव मोठ्याने घ्यावयाचे होते, त्या खोलीत मी ते घेतले नाही. ज्या दिवशी ते घेण्याला काही किंमत पडत होती, त्या दिवशी ते माझ्या ओठांवर आले नाही. आज सुरक्षित अंतरावरून, तिची संमती विचारण्याची सोय उरली नसताना, ते छापण्याचा अधिकार मला नाही. ते मी रोजच्या प्रार्थनेत घेतो. आणि रात्री-अपरात्री दाराची कडी वाजली, की कोण आहे हे विचारण्याआधी उठतो.